क्रौंचीचा शोक

तमसेच्या तीरावर क्रौंचांच्या जोडप्यांतील नराला व्याधाचा बाण लागला, मादीनें आक्रोश केला, तो ऐकून वाल्मीकींच्या मुखांतून शाप निघाला आणि तो शाप छंदोबद्ध होता, ही कथा आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. काव्याचा जन्म शोकांतून झाला असें सांगावयाचें म्हणजे आपले टीकाकार या कथेकडे बोट दाखवितात, आणि तें योग्यच आहे. पण या कथेंत एक पात्र असें आहे कीं, ज्याची पुढें कोणीच विचारपूस केली नाहीं. वाल्मीकींना श्लोक स्फुरला. ब्रह्मदेव येऊन त्यांना रामचरित्र गावयास सांगून गेले. जगाला आदिकाव्य लाभलें. त्या क्रौंचीचें काय झालें? मूळ शोक जिचा, तिच्या वांट्याला त्यांतलें कांहीं आलें काय?

प्रश्न वरवर पोरकट दिसतो; पण त्याच्या मागें आपल्या साहित्यचर्चेंतील एक मोठी उणीव लपलेली आहे. करुणरसापासून आनंद कां व्हावा, या प्रश्नाचा आपल्याकडे जितका खल झाला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नाचा झाला असेल. भरताच्या नाट्यशास्त्रावरील अभिनवगुप्ताची टीका घ्या, ग्रीसमध्यें अ‍ॅरिस्टॉटलनें शोकांतिकेविषयीं मांडलेला भावशुद्धीचा विचार घ्या, किंवा आपल्या मराठींत न. चिं. केळकरांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत प्रतिपादिलेली ‘सविकल्प समाधि’ घ्या. या सर्व उपपत्ति प्रेक्षकाच्या आहेत, वाचकाच्या आहेत, फार तर कवीच्या आहेत. दुसऱ्याचें दुःख दुरून पाहणाऱ्याला आनंद कसा होतो, हें त्या सांगतात. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याला कलेचा उपयोग काय, याविषयीं त्या बहुतेक मुग्ध आहेत.

गेल्या शतकांत मात्र हा प्रश्न दुसऱ्या बाजूनें विचारला जाऊं लागला. युद्ध, अपघात, भूकंप, अत्याचार यांतून जो वांचला, त्याच्याच हातीं कुंचला किंवा ओली माती दिली, तर त्याच्या मनाची जखम भरून येण्यास मदत होते काय? या प्रयत्नाला ‘आर्ट थेरपी’ म्हणतात. आपण त्याला कलोपचार म्हणूं. हें नांव एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानें १९४२ सालीं रूढ केलें. क्षयाच्या आजारांत आरोग्यधामांत पडून असतां त्यानें भोंवतालच्या वस्तूंचीं चित्रें काढण्यास आरंभ केला, आणि पुढें इतर रुग्णांना व युद्धांतून आलेल्या जखमी शिपायांनाही तो मार्ग दाखविला. १९४५ सालीं त्यानें या अनुभवावर एक ग्रंथही लिहिला. आज अनेक देशांत हें रीतसर शिकविलें जाणारें शास्त्र झालें आहे. मला येथें त्या शास्त्राचा परिचय करून द्यावयाचा नाहीं. तो माझा अधिकारही नव्हे. त्याच्या मुळाशीं जो एक नीतीचा प्रश्न आहे, तो मला माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें नीट दिसला, आणि तोच वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. घाटांत मोटार उलटून माझ्या भाचीचा नवरा गेला. मागच्या बैठकीवर त्यांचा सात वर्षांचा मुलगा होता. त्याला थोडें खरचटलें, इतकेंच. घरांतील वडील माणसें ‘देवानें पोर तरी वांचविलें’ असें म्हणत होतीं. पण तें पोर त्या दिवसापासून बोलेनासें झालें. खाऊं घातलें तर खाई, निजविलें तर निजे. अपघाताविषयीं अवाक्षर काढीत नसे. मात्र रंगीत खडूंची पेटी घेऊन तो तासन् तास बसे. वहीच्या प्रत्येक पानावर तोच एक वळणाचा रस्ता असे, आणि तो काळ्या खडूनें इतका घोटलेला असे कीं, कागद फाटून खडू खालच्या पानावर उमटे.

मीं आठ दिवस तें पाहिलें. नवव्या दिवशीं मला राहवेना. त्याच्या शेजारीं बसून, पाठीवर हात फिरवीत मीं म्हटलें, “बाळा, रोज रोज हें काळें काय काढतोस? एखादें घर काढ पाहूं. फुलांचें झाड काढ, वर सूर्य काढ.” त्यानें माझ्याकडे एकदां पाहिलें, निमूटपणें पान उलटलें, शाळेंत शिकवितात तसें घर काढलें, झाड काढलें, कोपऱ्यांत सूर्य काढला, पान फाडून माझ्या हातीं दिलें आणि पेटी मिटली. मीं तें चित्र मोठ्या कौतुकानें सर्वांना दाखविलें. त्यानंतर तीन आठवडे त्यानें खडूला हात लावला नाहीं, आणि रात्रीं तो किंचाळून उठूं लागला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव होता असें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. पण एका संध्याकाळीं भाची मला हळूच म्हणाली, “मामा, तुम्हांला हवें होतें तें चित्र त्यानें तुम्हांला काढून दिलें. त्याचें त्याच्यापाशीं राहूं द्यायला हवें होतें.” त्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते लागले.

माझा हेतु वाईट होता काय? मुळींच नाहीं. पण तें काळें चित्र असह्य कोणाला होत होतें? मुलाला नव्हे, मला. त्याचें दुःख हलकें व्हावें यापेक्षां तें माझ्या दृष्टीआड व्हावें, ही माझी इच्छा अधिक प्रबळ होती. तिला मीं ममतेचें नांव दिलें होतें.

अशा मुलांच्या मनाचे उपचार करणाऱ्या एका बाईंकडे पुढें आम्हीं त्याला नेऊं लागलों. त्यांच्या खोलींत कागद, रंग आणि मातीचे गोळे एवढेंच साहित्य होतें. त्यांनीं आम्हांला तीनच गोष्टी सांगितल्या. चित्र कशाचें आहे हें विचारूं नका, छान झालें असें म्हणूं नका, जवळ बसा. मला हें सारें फार थोडें वाटलें. एवढ्यासाठीं का कोणी विद्यापीठांत जाऊन शिकावें? पण हें ‘थोडें’ किती कठीण आहे, हें मला पुढल्या चार महिन्यांत कळलें.

आघात झालेलें मूल बोलत कां नाहीं आणि रेघोट्या कां ओढतें, याचा उलगडा आज कांहीं अंशीं झाला आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अवस्थेचें निरीक्षण फार पूर्वींपासून होत आलें होतें. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनें आघातोत्तर मनोविकाराला आपल्या वर्गीकरणांत स्वतंत्र स्थान दिलें. या विकारांतील स्मृति ही आपल्या नेहमींच्या स्मृतीसारखी नसते. आपण जेव्हां बालपण आठवतों तेव्हां ‘तें घडून गेलें, मी आज येथें आहें’ ही जाणीव कायम असते. आघाताची स्मृति तशी सांगण्याजोगी गोष्ट होऊन येत नाहीं. ती तुटक दृश्यांच्या, वासांच्या, आवाजांच्या रूपानें अंगावर येते, आणि येते तेव्हां प्रसंग पुन्हां घडतो आहे असेंच वाटतें. अमेरिकेंत आठ रुग्णांवर केलेली एक पाहणी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांना त्यांच्याच आघाताचें वर्णन ऐकविलें असतां, मेंदूंतील दृश्यांशीं संबंध असलेला भाग चेतून उठला आणि वाणीशीं संबंध असलेला ‘ब्रोका’ नांवाचा भाग मंदावला, असें त्या पाहणींत आढळलें. आठ माणसांवरून सिद्धांत बांधूं नये. पण ‘वाचा बसणें’ हा आपला वाक्प्रचार केवळ अलंकारिक नाहीं, एवढें तरी त्यावरून म्हणतां येईल. वाचा बसते तेथें हात कदाचित् चालतो.

येथें मला केळकरांची सविकल्प समाधि आठवते. वाचक दुसऱ्याच्या सुखदुःखांत रंगतो, पण आपलें मीपण सोडीत नाहीं. तो एकाच वेळीं तेथेंही असतो आणि येथेंही असतो. या दुहेरी अवस्थेंत वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्या विचाराचा मथितार्थ आहे. आतां आघात झालेल्या माणसाची स्थिति पाहा. त्याला विकल्पच उरलेला नसतो. तो फक्त तेथें असतो. घाटाच्या त्या वळणावरून त्याला परत येतांच येत नाहीं. अशा माणसाला विसरावयास सांगणें व्यर्थ आहे. विसरण्यासाठीं देखील आधीं त्या जागेपासून वेगळें व्हावें लागतें. चित्र काढणारा हात हें वेगळेपण निर्माण करतो. कागदावर रस्ता उमटला म्हणजे रस्ता तेथें आणि खडू धरणारा येथें, अशी फाळणी होते. ती पहिल्या दिवशीं होत नाहीं, दहाव्या दिवशींही होत नाहीं. पण तिचा संभव निर्माण होतो. जी वस्तु आपल्याला धरून होती ती आपण धरली, आपण लहान केली, आपण काळी केली, आपण फाडलीही. आतांपर्यंत ज्याच्यावर सारें घडत होतें तो स्वतः कांहीं घडवूं लागला. कलोपचाराचा सारा लाभ, माझ्या अल्प समजुतीप्रमाणें, या एका ठिकाणीं आहे.

भवभूतीला हें मर्म ठाऊक होतें असें मला वाटतें. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत लक्ष्मण राम व सीता यांना त्यांच्याच पूर्वायुष्याचीं चित्रें दाखवितो. हेतु करमणुकीचा, खिन्न झालेल्या सीतेचें मन रमविण्याचा. पण चित्रांतली शूर्पणखा पाहतांच सीता भयभीत होते, आणि हें चित्र आहे याची रामाला तिला आठवण करून द्यावी लागते. पुढें जनस्थानाचें चित्र येतें आणि धीर देणारा राम स्वतःच अश्रु ढाळूं लागतो. वनवास संपून राज्याभिषेक झाला, तरी दोघांच्याही मनांतील वन संपलेलें नाहीं. चित्र मन मोकळें करतें, हें भवभूतीनें सांगितलेंच. पण तें अंगावरही येऊं शकतें, हेंही त्यानें त्याच प्रवेशांत दाखविलें. दुसऱ्या कोणीं काढलेलें, दुसऱ्या कोणाच्या इच्छेनें पुढें आलेलें चित्र आणि आपल्या हातानें, आपल्या वेळीं, आपल्याला झेपेल तेवढें काढलेलें चित्र, यांत हा भेद आहे. सीतेच्या हातीं कोणीं कुंचला दिला नव्हता.

तो कुंचला देणारी एक स्त्री युरोपांत होऊन गेली. तिचें चरित्र वाचल्यापासून माझ्या मनांतून जात नाहीं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस हें तिचें नांव. ती १८९८ सालीं व्हिएन्नांत जन्मली. १९१९ ते १९२३ या काळांत वायमारच्या ‘बाउहाउस’ या प्रसिद्ध कलाशाळेंत योहान्नेस इटेन प्रभृतींच्या हाताखालीं शिकली. १९३४ सालीं राजकीय कारणावरून तुरुंगवास भोगून प्रागला आली. तेथें निर्वासितांच्या मुलांना ती चित्रकला शिकवूं लागली. ती ज्यू होती. डिसेंबर १९४२ मध्यें नाझी सत्तेनें तिला व तिच्या पतीला प्रागच्या उत्तरेस असलेल्या टेरेझिन या तटबंदीच्या गांवीं धाडलें. या गांवाची त्यांनीं १९४१ च्या अखेरीस कोंडवाड्यासारखी छावणी केली होती. तेथें आलेल्या १ लाख ४० हजारांहून अधिक माणसांपैकीं सुमारें ३३ हजार तेथेंच उपासमारीनें व रोगांनीं मेलीं, आणि सुमारें ८८ हजार पुढें पूर्वेकडील मृत्युछावण्यांत पाठविलीं गेलीं. प्रत्येकाला बरोबर नेण्याच्या सामानाचें वजन ठरवून दिलेलें असे. फ्रीडलनें आपल्या सामानांत चित्रकलेचें साहित्य भरलें.

तेथें मुलांची रीतसर शाळा चालविण्यास बंदी होती; चित्रें काढण्यास मात्र मोकळीक होती. फ्रीडल मुलींच्या वसतिगृहांत वर्ग घेऊं लागली. कागद म्हणजे कचेरींतील जुन्या छापील तक्त्यांची कोरी बाजू. प्रथम ती मुलांना तालावर हात सैल सोडून नुसत्या रेषा ओढावयास लावी, मग कागदाचे रंगीत कपटे चिकटवून आकृति करावयास सांगे, कधीं थोर चित्रकारांच्या चित्रांचे नमुने पुढें ठेवी. मुलांनीं काय काढलें? कांहींनीं रांगा, आजाऱ्यांच्या खाटा आणि प्रेतयात्रा काढल्या. पुष्कळांनीं सोडून आलेलीं घरें, मेजावरचें जेवण, कुरणें आणि फुलपांखरें काढलीं. ‘फुलपांखरूं कां, येथें तर एकही नाहीं,’ किंवा ‘प्रेतयात्रा कां, दुसरें कांहीं काढ,’ असें म्हणणारा तेथें कोणी नव्हता. आणि प्रत्येकानें चित्रावर आपलें नांव घालावें असा तिचा आग्रह असे. ज्या जागीं माणसाची ओळख म्हणजे त्याला दिलेला एक आंकडा होता, त्या जागीं नऊ वर्षांचें मूल आपल्या चित्राच्या कोपऱ्यांत स्वतःचें नांव लिहीत होतें. १९४३ सालीं तिनें तेथेंच मुलांच्या चित्रकलेवर एक व्याख्यान दिलें. सर्व मुलांना चित्रकार बनविणें हा या वर्गांचा हेतु नसून त्यांची सर्जनशक्ति व स्वतंत्र वृत्ति मोकळी करणें हा आहे, असा त्याचा आशय होता. मुलांना लवकर आपल्यासारखें करण्याची वडील माणसांना इतकी घाई कां, असाही प्रश्न तिनें त्यांत केला होता. तो वाचतांना मला माझें घर, झाड आणि सूर्य आठवले.

६ ऑक्टोबर १९४४ रोजीं ती टेरेझिनहून आउशवित्झला नेली गेली, आणि ९ ऑक्टोबरला मारली गेली. जाण्यापूर्वीं मुलांचीं सुमारें साडेचार हजार चित्रें दोन पेट्यांत भरून तिनें लपवून ठेविलीं होतीं. युद्ध संपल्यावर त्या पेट्या प्रागला पोहोंचल्या. आज तीं चित्रें तेथील ज्यू संग्रहालयांत आहेत. तीं काढणारीं बहुतेक मुलें मारलीं गेलीं. स्वतःचीं चित्रें तिनें तेथें फारशीं काढलीं नाहींत, आणि जीं काढलीं त्यांतील बहुतेकांवर सही केली नाहीं. प्रागमध्यें तिच्या हाताखालीं काम केलेली एडिथ क्रेमर नांवाची तिची तरुण शिष्या १९३८ सालीं अमेरिकेस निघून गेली होती. ती पुढें कलोपचाराच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक झाली. त्याच क्षेत्रांत तेथें मार्गरेट नाउम्बुर्ग यांचा मार्ग वेगळा होता. चित्र ही अबोध मनाची भाषा आहे, ती उलगडून शब्दांत आणली म्हणजे उपचार साधतो, असें नाउम्बुर्ग यांचें धोरण. चित्र काढण्याच्या कृतींतच उपचार आहे, असें क्रेमर यांचें मत. दोहोंत तथ्य आहे, पण माझा कल कोणीकडे आहे हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

ही कथा मीं माझ्या एका वृद्ध स्नेह्यांना सांगितली. ते आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविलेले. ते म्हणाले, “सगळें खरें. पण तुम्ही याला उपचार म्हणतां हें मला पटत नाहीं. उपचार त्याला म्हणावें ज्यानें रोगी बरा होतो. तीं मुलें तर गेलीं. ज्याला उद्यां मारणार त्याच्या मनाची जखम आज भरून काढली काय आणि न काढली काय!”

या आक्षेपाला उत्तर देणें सोपें नाहीं, आणि सोपें उत्तर देणें हें त्या मुलांच्या स्मृतीला शोभणारें नाहीं. चित्रांनीं त्यांना वांचविलें नाहीं. त्या चित्रांमुळें त्या मृत्यूला कांहीं अर्थ आला, असेंही म्हणूं नये. मुलांच्या हत्येला अर्थ नसतो. पण स्नेह्यांच्या बोलण्यांत एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. उपचाराचें मोल तो पुढें किती वर्षें उपयोगी पडला यावरून ठरतें, असें तें गृहीत आहे. मग मरणोन्मुख म्हाताऱ्याच्या उशाशीं बसून त्याचे ओंठ ओले करणें हेंही व्यर्थच म्हणावें लागेल. आपण तसें म्हणत नाहीं. मनुष्य जेवढा वेळ जिवंत आहे तेवढा वेळ तो मनुष्य म्हणून जगावा, हें स्वतःच एक साध्य आहे.

हाच विचार त्या काळीं पोलंडमध्यें दुसऱ्या एका माणसाच्या मनांत आला, आणि त्यानें आधार घेतला तो आपल्या देशांतील एका नाटकाचा. वॉर्साच्या ज्यू कोंडवाड्यांत यानुश कोर्चाक हे डॉक्टर अनाथाश्रम चालवीत. १८ जुलै १९४२ रोजीं त्यांच्या आश्रमांतील मुलांनीं रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ हें नाटक केलें. आजारामुळें खोलींत कोंडलेला अमल खिडकींतून जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहत शांतपणें निजतो, असें तें नाटक. रवींद्रनाथांना जाऊन तेव्हां एक वर्षही पुरें झालें नव्हतें. आपल्या अमलची खिडकी कोठें उघडली हें त्यांना कळलें नाहीं. पुढल्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत कोर्चाक आणि सुमारें दोनशें मुलें ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेलीं गेलीं. त्यांतून कोणी परतलें नाहीं. त्या संध्याकाळचें नाटक व्यर्थ होतें काय? मी स्नेह्यांना हा प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “व्यर्थ नव्हतें. पण उपचार हा शब्द लहान पडतो.” तें मला मान्य आहे.

तरी कलेची महती सांगतांना तिचें सामर्थ्य वाढवून सांगूं नये. याच संहारांतून वांचलेला कवि पाउल त्सेलान यानें विसाव्या शतकांतील अतिशय थोर अशी कविता लिहिली, आणि १९७० सालीं सेन नदींत देह ठेविला. कविता त्याला तारूं शकली नाहीं. कलोपचाराच्या लाभाविषयीं जीं संशोधनें झालीं तीं आशादायक असलीं तरी बरींचशीं थोड्या रुग्णांवर झालेलीं आहेत. औषध, वैद्य आणि जिवलग माणसें यांची जागा खडूंची पेटी घेऊं शकत नाहीं. शिवाय व्यक्त होणें हें नेहमीं सुखाचेंही नसतें. १९८६ सालीं अमेरिकेंत पेनेबेकर व बील यांनीं विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटें आपल्या आयुष्यांतील आघातांविषयीं लिहावयास सांगितलें. ज्यांनीं घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना त्या त्या दिवशीं अधिकच वाईट वाटलें. पण पुढील कांहीं महिन्यांत दवाखान्याकडे जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर कमी वेळां आला. उलट, आघात होतांच एकाच बैठकींत माणसाकडून सर्व कांहीं वदवून घेण्याची जी पद्धति मध्यंतरीं बोकाळली होती, तिच्यापासून लाभ होत नाहीं, क्वचित् अपायच होतो, असें पुढें दिसून आलें. दुःख बाहेर पडावें हें खरें. तें बाहेर ओढावें हें खरें नव्हे.

आपल्या खेड्यांतील बायांना हें शास्त्राशिवाय ठाऊक होतें. पहांटेच्या अंधारांत जातें ओढतांना त्यांनीं सासुरवास, वांझपण, मेलेलें मूल, दुरावलेलें माहेर हें सर्व ओंव्यांत घातलें. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गांवोगांवीं हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओंव्या मिळविल्या. त्या मोजणीपेक्षांही मला त्या गाण्याची रीत विचार करण्याजोगी वाटते. हाताला एकसारखा ताल आहे. समोर फार तर जात्याचा खुंटा धरणारी दुसरी बाई आहे. काळोखांत तोंड दिसत नाहीं, आणि जात्याच्या घरघरीमुळें शेजघरांतल्यांना शब्द कळत नाहींत. गाणें चांगलें झालें असें कोणी म्हणत नाहीं. कां गातेस असें कोणी विचारीत नाहीं. आमच्या त्या बाईंनीं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्या जात्यापाशीं होत्या.

एवढ्यावरून मला वाटूं लागलें आहे कीं, या विषयांतील खरा नीतीचा प्रश्न दुःखितानें काय करावें हा नसून आपण काय करूं नये हा आहे. दुःखिताच्या चित्राला सौंदर्याची अट घालूं नये. तें पोलिसी पुराव्यासारखें उलटसुलट करून त्यांतून मनांतलें गुपित काढूं पाहूं नये. काळा रंग म्हणजे अमुक आणि लाल म्हणजे तमुक, अशीं कोष्टकें घरोघर वापरण्यासाठीं नाहींत. आणि तें मिरवूं नये. आज एखादा उत्पात झाला कीं तेथील मुलांचीं चित्रें भिंतींवर लागतात. आपण जातों, डोळे पुसतों, आणि आपलें अंतःकरण अजून जिवंत आहे या समाधानानें घरीं येतों. त्यांतून कधीं मदतही मिळते, म्हणून मी सरसकट दोष देत नाहीं. पण त्या वेळीं आपण वाल्मीकींच्या जागीं उभे असतों, क्रौंचीच्या नव्हे, एवढें भान असावें. कोणी म्हणेल, मग टेरेझिनचीं चित्रें तरी लोकांनीं कां पाहावीं? तीं पाहावीं, कारण ज्यांनीं त्यांवर आपलीं नांवें लिहिलीं त्यांच्यामागें तीं नांवें उच्चारणारें दुसरें कोणी उरलेलें नाहीं. जिवंत मुलाची गोष्ट निराळी. त्याला उद्यां त्या चित्राहून वेगळें होण्याचा हक्क आहे.

आमच्या मुलानें चौथ्या आठवड्यांत पुन्हां पेटी उघडली. तोच रस्ता, तोच काळा खडू. मी शेजारीं वर्तमानपत्र घेऊन बसूं लागलों आणि बहुधा एकही ओळ वाचीत नसें. दोन महिन्यांनीं रस्त्याच्या कडेला एक झाड आलें. मग रस्ता पानाच्या वरच्या भागांत सरकला, आणि एके दिवशीं खालच्या कोपऱ्यांत पाठमोरी अशी एक लहानशी आकृति दिसली. मीं ओंठ आवळून धरले. बऱ्याच वेळानें, कागदावरून मान वर न करतां, तो आपण होऊनच म्हणाला, “मामाआजोबा, हा मी. मी इथून बघतोय.”

तो बरा झाला असें मी म्हणणार नाहीं. अजून मोटारींत बसतांना तो आईचा हात सोडीत नाहीं, आणि घाटाचा रस्ता आम्हीं टाळतों. पण तो आतां शाळेंत जातो, भांडतो, आणि बापाविषयीं कधीं कधीं आपण होऊन बोलतो. हा लेख लिहिण्यापूर्वीं मीं भाचीची अनुमति घेतली, आणि त्यालाही विचारलें. त्यानें थोडा विचार केला आणि गोष्ट सांगावयास परवानगी दिली. चित्र छापावयास मात्र नको म्हणाला. तें त्याच्याच वहींत आहे.